ओळ मोठ्याने वाचण्याची अट

एंटर दाबले. ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. मला हवी होती ती ओळ मधोमध होती आणि तिच्यापुढे ‘कंटिन्यू’ लिहिलेले होते. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग की-बोर्ड बाजूला सारला आणि त्या जागी हा कागद ठेवला.

तेव्हा मी, ह्या एक्स-रे सेंटरची अर्धी मालकीण, घरातली थोरली आणि सगळ्यांची ताई, हे लिहून ठेवते. उद्या सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणणारा माणूस दारात उभा आहे, पण त्याचा उपयोग होत नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

तो माझा सख्खा धाकटा भाऊ, सेंटरचा उरलेला अर्धा मालक. पुढचे काउंटर तो बघतो. मागची ही खोली, जिथे वडील फिल्म धूत असत, ती मी बघते. फिल्म गेल्या, सिंक राहिले. सिंकच्या शेजारी सर्व्हर आहे; आम्ही त्यालाच मशीन म्हणतो. आजवर ह्या सेंटरमध्ये ज्याची ज्याची छाती, मणका, मनगट टिपले गेले, ते सगळे त्याच्या डिस्कवर आहे.

“ताई, बाहेर लोक खोळंबलेत. हे काय काढून बसलीस?”

“मृत्युपत्र.”

“आत्ता?”

“तुझी थांबायची तयारी असेल तर नंतर लिहिते.”

तो दार आपटून गेला. कडी वाकली आहे. तिची दुरुस्ती त्याच्या वाट्यातून व्हावी.

पहिले, घर. सेंटरच्या वरचे माझे दोन खोल्यांचे घर धाकट्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावे. तिच्या बापाने तिथे सामान ठेवू नये. ‘तात्पुरतं ठेवतो’ असे म्हटले तरी ठेवू देऊ नये. वडिलांची सायकल त्याने माझ्या गॅलरीत तात्पुरतीच ठेवली होती. ती अजून तिथेच आहे, गंजून कठड्याला चिकटली आहे, आणि आता तिला हलवायचे तर कठडा कापावा लागेल.

दुसरे, भावजय. माझ्या कानातले तिला. तिने मला आयुष्यात एकदाच उलट उत्तर दिले. “वन्सं, तुम्ही मशीनची जेवढी विचारपूस करता, तेवढी घरात कुणाची केलीत का कधी?” उत्तर बरोबर होते. आमचे त्यानंतर जमले नाही, पण कानातले तिलाच द्यावेत.

तिसरे, खुर्ची. ही मी आमच्या तंत्रज्ञांना देणार होते. वडिलांच्या वेळेपासून ते इथे आहेत. फिल्म धुवायला दिवसदिवस ह्या खोलीत असत म्हणून त्यांना सगळे ‘डार्करूम’ म्हणतात. आता त्यांच्या घरचेही म्हणतात. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला काही देता येत नाही. डार्करूम म्हणाले, “मग सहीच करतो. त्या खुर्चीनं तुमची कंबर घालवली, आता माझ्या का मागे लावताय?” खुर्ची भंगारात द्यावी.

स्क्रू-ड्रायव्हरचा डबा भाचीला. त्यातला पिवळ्या मुठीचा धाकट्याने रंगाचे डबे उघडायला वापरला आहे. तो त्याला द्यावा.

आता मुख्य गोष्ट. वकीलबाईंनी ती थोडक्यात लिहायला सांगितली आहे. थोडक्यात लिहून पाहिली. ती तशी लिहिली तर त्याला सोयीची होते.

डिस्क कुठेतरी खराब होते, त्या जागेशी आले की मशीनला चूक दिसते. अशा वेळी काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे लागते. चूक दिसली तरी पुढे चालू राहायचे, म्हणजे ‘कंटिन्यू’. किंवा लिहिणे बंद करून नुसते वाचू द्यायचे, म्हणजे ‘रीड-ओन्ली’. किंवा सगळेच ठप्प करायचे. मी मधला पर्याय ठेवला होता. नवे लिहिले जाणार नाही, जुने पुसले जाणार नाही. कुठला पर्याय लागू आहे ते बघायला एक कमांड पुरते: ट्यून-टू-एफएस, एक जागा सोडून वजाचे चिन्ह आणि एल, मग डिस्कचे नाव. डिस्क जोडताना मशीन एक फाईल वाचते, तिच्यातही हीच गोष्ट लिहिलेली असते, म्हणून तीही उघडून बघायची. दोन्हींत नुसते बघायचे असते. बघितल्याने काही बदलत नाही, काही बिघडत नाही. हे मी धाकट्याला इतक्या वेळा सांगितले की डार्करूमना पाठ झाले.

मला पहिला झटका आला तेव्हा मी दवाखान्यात होते. इकडे मशीनने लिहिणे बंद केले. धाकट्याने मशीन विकणाऱ्याला फोन लावला, आणि त्याने सांगितले तसे करून ‘पुढे चालू’ करून टाकले. मशीन चालू राहिले. नव्या प्रतिमा जुन्यांच्या जागेवर लिहिल्या जाऊ लागल्या. काउंटरवर कोणाला कळले नाही, कारण काउंटरवर नव्याच बघतात.

मग शिवणकाम करणारी एक बाई आली. तिच्या फुप्फुसावर डाग होता. तो जुनाच आहे की नवा, एवढेच तिच्या डॉक्टरांना हवे होते. जुना एक्स-रे आमच्याकडेच काढलेला. मी उघडला. वरच्या अर्ध्यात तिची छाती होती, खालच्या अर्ध्यात कोणाचा तरी गुडघा. डाग असायला हवा होता ती जागा गुडघ्याखाली गेली होती. डॉक्टरांनी थांबायचा धोका घेतला नाही. तिची छाती उघडली. डाग जुना, निरुपद्रवी निघाला. आता ती हात खांद्याच्या वर नेऊ शकत नाही. शिवणयंत्र तिने विकले.

ती विचारायला आली तेव्हा धाकटा काउंटरवरून म्हणाला, “मशीन ताई बघतात.” एवढेच. त्यात खोटे काही नव्हते. म्हणूनच मी ते माफ करीत नाही.

त्यानंतर मी ओळ दोन्ही ठिकाणी पुन्हा बदलली आणि त्याला दाखवायला बोलावले. तो फोनवर बोलत आला, पडद्याकडे न बघता “बरं, बरं” म्हणाला आणि गेला. आज बघितली तर ती ओळ पुन्हा ‘कंटिन्यू’ होती. ह्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे असते, एक त्याच्याकडे. म्हणून मघाशी त्याला बोलावून विचारले.

“हो, मीच केलं. कारखान्याच्या कामगारांची तपासणी होती, भर गर्दीत बंद पडलं. त्यांना काय सांगायचं होतं? आमच्या ताईंच्या मशीनला शंका आलीय?”

“हो. हेच सांगायचं होतं.”

“तुला सेंटर चालवायचंच नाहीये. तुला एक कपाट हवंय, त्याच्यापुढे बसून राहायला.”

“आणि तुला बोर्ड हवाय.”

बोर्डाचे असे आहे. मी नवी डिस्क मागितली होती. त्याने दर्शनी भिंतीवर नावाचा बोर्ड लावला, अक्षरांत दिवे असलेला. तो रस्त्याच्या टोकापासून दिसतो. हा बोर्ड उतरवावा अशी माझी इच्छा आहे. इच्छा म्हणूनच लिहिते, अट घालत नाही. अट मी एकाच गोष्टीसाठी ठेवली आहे.

मग आज मी ओळ दोन्ही ठिकाणी परत मधल्या पर्यायावर आणली. त्याच यादीत खाली चुकांचा आकडा असतो, तो वाढला आहे. मशीन थांबणार, आणि लवकर थांबणार. मी वेगळ्या डिस्कवर सगळ्या जुन्या प्रतिमांची नक्कल लावली आहे. ती उद्या दिवसभर चालेल. मशीनने लिहिणे बंद केले तरी वाचणे चालू राहते, त्यामुळे नक्कल पुरी होईल. मात्र कोणी बळजबरीने ‘पुढे चालू’ केले, तर ज्यावर ती नक्कल चालली आहे तेच बिघडत जाईल, आणि आणखी कोणाच्या छातीवर आणखी कोणाचा गुडघा येईल. उद्या मी ऑपरेशनच्या टेबलावर असेन. ह्या खोलीत तो असेल.

म्हणून चौथे. सेंटरमधला माझा अर्धा वाटा धाकट्याला मिळावा, पण ह्या अटीवर: त्याने ह्या खोलीत यावे, दोन्ही साक्षीदारांसमोर ती कमांड स्वतःच्या हाताने टाईप करावी, कोणाला न विचारता, ती ओळ आणि फाईलमधली ओळ मोठ्याने वाचावी, आणि वाचून झाल्यावर दोन्ही होत्या तशा ठेवाव्यात. माझ्या हयातीत केले तरी चालेल. न केल्यास, किंवा ओळ पुन्हा बदलल्यास, माझा वाटा भाचीला जावा, आणि त्याने काउंटरवर तिच्या हाताखाली बसावे.

वकीलबाई म्हणाल्या, “अहो, अशी अट कुणी घालतं का?” मी म्हटले, लोक लग्नाच्या अटी घालतात, नातवाच्या घालतात. मी फक्त बघायला सांगते आहे.

सगळे थेट भाचीला देऊन मोकळे व्हावे, असे डार्करूमनी सुचवले. दिले असते. पण मग तो जन्मभर सांगत फिरेल की ताईने मला डावलले, आणि ती ओळ त्याने वाचलेली नसेलच. मला तो वाचायला हवा आहे.

ठेवींतून आधी नव्या डिस्क घ्याव्यात. उरेल ते शिवणकाम करणाऱ्या बाईंना द्यावे. त्या घेणार नाहीत. तरी दरवर्षी एकदा विचारावे, आणि विचारायला धाकट्याने स्वतः जावे.

दहनाच्या वेळी त्याने माझ्याबद्दल चार शब्द बोलू नयेत.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

सही: ताई

साक्षीदार: डार्करूम, तंत्रज्ञ
साक्षीदार: शेजारच्या दुकानातले कुलूपवाले. (सही करताना म्हणाले, “कडी बदलून घ्या. माणूस बदलायचं काम आमच्याकडे होत नाही.” ताईंनी हेही लिहायला सांगितले.)

स्थळ: सेंटरची मागची खोली
दिनांक: नऊ ऑगस्ट, दुपार

दुसऱ्या दिवशीची नोंद, साक्षीदार डार्करूम यांच्या हातची:

सकाळी तिसऱ्या पेशंटला मशीनने लिहिणं बंद केलं. धाकटे मागे आले. मी कुलूपवाल्यांना हाक मारली. धाकटे म्हणाले, “तमाशा बघायला बोलावलंस का?” मी म्हटलं, कलमात आहे. ते खुर्चीवर बसले. कमांड दोनदा चुकली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी सिंककडे बघितलं. तिसऱ्यांदा बरोबर आली. ओळ वाचली: एरर्स बिहेवियर, रिमाउंट रीड-ओन्ली. मग फाईलमधली वाचली. आवाज मोठा नव्हता, पण दोघांनाही ऐकू आला. बराच वेळ हात की-बोर्डवर तसाच होता. मग त्यांनी तो काढला, बाहेर गेले आणि रांगेतल्या लोकांना पलीकडच्या सेंटरचा पत्ता दिला. जाताना मला म्हणाले, “तिला सांग, वाचलं. आणि सांग, बोर्ड उतरणार नाही.”

ताईंना आत न्यायच्या आधी फोन लागला. दोन्ही सांगितलं. बोर्डाचं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “त्यानं ओळ कशी वाचली, तशी वाचा बघू.” मी वाचली. नक्कल चालू आहे.