त्या दिवशी हार उशिरा पोचला

माय,

परवाच्या रविवारी अकोल्यात माझ्या गळ्यात हार पडला. शेवंतीचा होता, मध्ये मध्ये गुलाब, आणि मागची गाठ इतकी ढिली की फोटो निघेपर्यंत दोन गुलाब सुटून माझ्या पायाशी पडले. तू असतीस तर करणाऱ्याला शोधून काढलं असतंस आणि त्याच्यासमोर दोरा तोडून परत ओवायला बसवलं असतंस. पण मला राग त्या हाराचा नाही. कशाचा आहे ते तुला सांगायचं आहे, आणि त्यासाठी आधी मी हल्ली काय करते ते सांगावं लागेल. तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात नोकरीला नुकती लागले होते आणि तू शेजारणींना 'कंपुटरमधी हाये' एवढंच सांगायचीस.

अजून तेच काम करते. सॉफ्टवेअर लिहिते, फक्त आता अकोल्यातल्या घरी बसून. पुण्यात होते तेव्हा रविवारी आमच्यासारखी माणसं कुठेतरी जमायची, कुणाच्या ऑफिसात, कुणाच्या कँटीनमध्ये. कुणी आपण काय बनवलं ते दाखवायचं, कुणी आपलं काय फसलं ते सांगायचं, आणि मग सगळे लॅपटॉप उघडून एकमेकांच्या शेजारी बसायचे. कोण कुठला, कोणत्या कंपनीतला, कुणी विचारत नसे. मी कॉलेजात शिकले नाही ते तिथे शिकले. इकडे परत आले तेव्हा वाटलं, हे आपल्या भागात का नसावं? दर्यापूरच्या, शेंदूरजनाघाटच्या पोरीनं कोडच्या दोन ओळी शिकायला पुण्याला कशाला जावं? म्हणून एक गट काढला. महिन्यातून एक रविवार, कधी अकोला, कधी अमरावती. तीन वर्षं झाली त्याला. आणि त्या तीन वर्षांत लोकांचे हात खरोखर कीबोर्डवर पडले असे रविवार मला आठवून आठवून तीन सापडतात.

तुला तो कीबोर्ड आठवतो का? मी आठवीत असताना तू भंगारवाल्याकडून आणलेला. कॉम्प्युटर नव्हताच, नुसता कीबोर्ड, त्याची वायर गुंडाळलेली. आपल्या फुलांच्या दुकानात, बसस्टँडच्या मागे, टोपल्यांच्या मधल्या फळीवर तू तो मांडलास. मी शाळेतून येते, हात धुते आणि त्या कुठेच न जोडलेल्या कीबोर्डवर पाठ्यपुस्तकातले धडे टाइप करते. बटणांच्या फटींत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. तू ओवता ओवता बघतेस आणि म्हणतेस, "वाजते तं चांगलं, पन दिसत तं काहीच नाही वो!" मी चिडते. तू हसतेस. पण गिऱ्हाईक आलं की आधी तो कीबोर्ड सरकवून ठेवायचीस, त्यावर पाणी उडू नये म्हणून. फुलं नंतर.

आता इथला रविवार कसा असतो ते ऐक. साठ माणसं बसवायला हॉल लागतो, कॉम्प्युटर लागतात, आणि ते असतात कॉलेजांकडे. कॉलेज नाही म्हणत नाही. प्राचार्य मोठ्या मनाने म्हणतात, "हॉल घ्या, लॅब घ्या, फक्त आमच्या अध्यक्षसाहेबांना बोलवावं लागेल." अध्यक्ष आले की सचिव आले. सचिव आले की विभागप्रमुख आलेच. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, प्रास्ताविक, प्रत्येकाला शाल, नारळ आणि हार. स्टेजवर बसलेल्यांची यादी वाचायलाच दहा मिनिटं लागतात, आणि त्यातलं एखादं नाव राहिलं तर आभार मानताना ते दोनदा घ्यावं लागतं. शिकायला आलेली मुलं मागे बसून मोबाइल बघतात. दारातच विचारतात, "मॅडम, सर्टिफिकेट भेटते ना?" त्यांनाही दोष कसा देऊ? बाकी काही हाती लागत नाही हे त्यांना माझ्या आधी कळलं आहे. मला तीन वर्षं लागली.

तुझ्यासमोर हारांना नावं ठेवताना जीभ अडखळते. याच हारांवर मी वाढले. गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचा हार तू केलास आणि हॉलच्या दारात देऊन परत आलीस, आत कधी बसली नाहीस. मी एकदा विचारलं होतं, आत काय चालतं गं? तू म्हणालीस, "बोलून रायले असतीन काईबाई." एवढंच. आता मी आत असते. बोलूनच राहिले असतात, माय. मी दर वेळी घरी येऊन नवऱ्यापाशी चिडचिड करते, पुढच्या वेळी हॉलच नको म्हणते, आणि पुढच्या महिन्यात परत प्राचार्यांना फोन लावते, कारण दुसरी जागा नाही.

तर गेल्या वर्षभरात या गटात एक बाई यायला लागल्या. हिवरखेडच्या. पस्तिशीच्या असतील, दोन मुलं आहेत, ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं सेंटर चालवतात. कोड लिहायला मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकल्या, मुलं शाळेत गेल्यावर. त्यांच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. आज या गल्लीला, परवा त्या गल्लीला, पहाटे नाहीतर भर दुपारी. बाया मजुरीला जायच्या थांबतात पाण्यासाठी. म्हणून या बाईंनी एक ॲप बनवलं. पाणी सोडणाऱ्या माणसानं व्हॉल्व्ह उघडला की फोनवर एक बटण दाबायचं, त्या गल्लीतल्या सगळ्या बायांना निरोप जातो. साधं, सुरेख काम. माझ्या कंपनीतल्या निम्म्या कामांपेक्षा उपयोगाचं. फक्त ते त्यांच्या स्वतःच्या फोनवर चालायचं आणि दुसऱ्या कुणाच्याही फोनवर चालायचं नाही. मला फोनवर म्हणाल्या, "मॅडम, माह्या एकटीलेच पानी येऊन रायलं, बाकीच्याईले येतच नाई!" आणि स्वतःच इतक्या हसल्या की मलाही हसू आलं.

पहिल्यांदा त्या अमरावतीला आल्या, अर्धी भाषणं ऐकून निघून गेल्या. दुसऱ्यांदा अकोल्याला आल्या तर पाहुण्यांसाठी थांबण्यातच दुपार गेली. हिवरखेडला जायचं तर आधी अकोट गाठावं लागतं, आणि तिथून पुढची गाडी चुकली की जीपची मारामार. म्हणून त्यांना तीनच्या पुढे थांबता येत नाही. या वेळी मी स्वतः फोन केला. म्हटलं, "ताई, या रविवारी सगळ्यात आधी तुमचं काम. जेवणाच्या आधीच बसू आपण." त्या म्हणाल्या, "नक्की ना मॅडम? सेंटर बंद ठेवून या लागते मले." मी म्हटलं, नक्की.

रविवारी दहाला सुरू व्हायचं होतं. अध्यक्ष बाराला आले. मी बघते तर ताई दुसऱ्या रांगेत, लॅपटॉपची पिशवी मांडीवर, शेजारच्या मुलीला काहीतरी समजावून सांगत आहेत. अध्यक्षांनी माइक घेतला. कॉम्प्युटर ही काळाची गरज आहे, हे त्यांनी सुरुवातीलाच मान्य केलं. मग म्हणाले, "पन आजकालचे पोट्टे मोबाइलमधीच घुसून रायतात, मायबापाइले ओयखत नाईत." टाळ्या पडल्या. त्यानंतर कॉलेजपर्यंतचा रस्ता त्यांनी कसा मंजूर करून आणला ते झालं, खड्ड्यांसकट. पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या आमच्या व्याख्यात्याला वीस मिनिटं मिळाली. खोटं कशाला बोलू, त्याआधी प्रास्ताविक म्हणून मीही वीस मिनिटं खाल्ली होती. मग कुणीतरी म्हणालं, साहेबांना पुढे जायचं आहे, आधी जेवण करून घेऊ. लॅबला कुलूप. किल्ली लॅबच्या शिपाईदादांकडे, आणि त्यांना पाहुण्यांना वाढायला उभं केलेलं. मी दोनदा मागितली. "देतो ना मॅडम, एवढं मठ्ठा वाढून घेऊ द्या," म्हणाले.

जेवणानंतर तरी लॅब उघडेल असं वाटत होतं. तर प्राचार्यांनी परत माइक हातात घेतला आणि जाहीर केलं की अकोल्याची लेक पुण्याहून परत येऊन एवढं मोठं कार्य करते आहे, तिचा सत्कार झाल्याशिवाय कार्यक्रम पुरा होणार नाही. मी नको नको म्हटलं. दोनदा म्हटलं, माय, आणि ज्या सुरात म्हटलं त्या सुरात माणूस हवं असतं तेव्हाच नको म्हणतो. स्टेजवर गेले. शाल पडली, हार पडला. तेव्हा ताई मागच्या दाराशी उभ्या दिसल्या. पिशवी छातीशी धरलेली. त्यांनी मनगटाला बोट लावून दाखवलं, मग दाराकडे दाखवलं, आणि हसल्या. रागानं नाही, ओशाळून, त्यांचंच काही चुकल्यासारखं. माइक माझ्यापासून हातभर लांब होता. 'थांबा' एवढाच एक शब्द म्हणायचा होता. लॅब उघडली नसती, तरी बाहेरच्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसता आलं असतं. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडे पाहा," आणि मी इकडे पाहिलं. परत तिकडे पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

घरी आले तेव्हापासून मला एकच दिवस आठवतो आहे. मी नववीत आहे. शहरात कॉम्प्युटरचा नवा क्लास निघतो आहे, त्याच्या उद्घाटनाचा मोठा हार आपल्याकडे आहे. तू म्हणतेस, हा तू कर. मी करते, फार मन लावून करते. तू तो खिळ्याला अडकवून बघतेस. एक बाजू जड झाली आहे, हार फिरतो आहे. तेवढ्यात क्लासचा माणूस स्कूटरवरून येतो. "बाई, झाला काय? पाहुने येऊन बसले!" तू दोरा तोडतेस. सगळी फुलं टोपलीत. मला म्हणतेस, "पुन्यांदा ओव." तो माणूस ओरडतो, "अवो, तुमीच करा ना पटकन! पोट्टीच्या भरवशावर काहून ठेवता?" तू दोन्ही हात पदराखाली घेतेस, स्वतःचेच हात आवरून धरल्यासारखे. म्हणतेस, "मी केला तं आत्ता होते. पन मंग तिले कवा येनार? बसा तुमी. थांबतीन पाहुने."

तो उलट्या टोपलीवर बसला होता, पाय हलवत. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला तुझा इतका राग आला होता की तुझ्याकडे बघितलं नाही. तू एका फुलाला हात लावला नाहीस. अर्धा तास लागला. उद्घाटन अर्धा तास उशिरा झालं, आणि त्या क्लासचा हार आपल्याकडे परत कधीच आला नाही. त्यावरून तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. पुढे मी त्याच क्लासला गेले तेव्हा त्या माणसानं मला ओळखलं. म्हणाला, "तो उशीर तुयाच ना?" मी मान खाली घातली. ती घालायला नको होती हे आज कळतं. एवढं मोठं उद्घाटन तू माझ्यासाठी अडवून धरलं होतंस, आणि मी एका हारासाठी ताईंना जाऊ दिलं.

अध्यक्षांवर, प्राचार्यांवर, त्या मठ्ठ्यावर माझं तीन दिवस चिडून झालं. सगळं खरं आहे आणि सगळ्यांवर चिडायला मजा येते. पण एक गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. ताईंचं काय चुकतंय ते मला पहिल्याच फोनवर जवळपास कळलं होतं. ॲप त्यांच्या घरच्याच लॅपटॉपवरून चालत होतं, म्हणून घराबाहेरच्या फोनांना ते सापडत नव्हतं; ते बाहेरच्या सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांना पोचता येईल अशा कॉम्प्युटरवर, ठेवायचं राहिलं होतं. शेजारी बसून नाही तर फोनवरून, एका दुपारचं काम. मी म्हटलं, रविवारी या, समोरासमोर बघू. कारण मला ते सगळ्यांदेखत करून दाखवायचं होतं. हिवरखेडची बाई, पाण्याचं ॲप, आणि आमच्या कार्यक्रमात ते सुरू झालं, असं. फोटो चांगला आला असता. अर्ध्या वर्षापासून तिकडच्या बाया नळाची वाट बघत घरी थांबतात त्यात थोडा हात माझाही आहे.

रविवारी संध्याकाळी ताईंचा मेसेज आला होता. 'गाडी होती म्हणून निघाली मॅडम, राग मानू नका. सत्कार छान झाला.' खाली जोडलेले दोन हात. आज बुधवार, दुपारचे चार वाजलेत. त्यांचं सेंटर उघडं असेल आणि मुलं अजून शाळेतून यायची असतील. त्यांना फोन करायचा म्हणूनच मी रजा टाकून बसले होते. तो न लावता जेवण झाल्यापासून तुलाच लिहिते आहे, कारण तू फोन उचलून 'राग मानू नका' म्हणणार नाहीस.