चादरीचं दुसरं टोक

३ मार्च, सोमवार. सकाळी ६
आजपासून चिगाँग, म्हणजे तो संथ चिनी व्यायाम. लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये, आठवड्यातून तीनदा. पत्रकात लिहिलंय, तब्येत सुधारते, डोक्याला नवंनवं सुचतं, माणूस लहान मुलासारखा खेळकर होतो. खेळकरपणा मला कोण शिकवणार? उलट उरलासुरला मीच वाटून येईन.
संकल्प: महिनाभर कुणाची थट्टा नाही.

सकाळी ९
क्लासात समोरचीपण. म्हणजे आमच्या दारासमोर राहते ती. दोन महिने बोलत नाही माझ्याशी. मला काडीचा फरक पडत नाही. निळी नवी पँट घातली होती. डावा मोजा उलटा होता. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

५ मार्च, बुधवार
झाडासारखं उभं राहायचं. दहा मिनिटं. मोठा फुगा कवेत धरल्यासारखे हात, डोळे बंद, तोंड त्याहून बंद. शिकवणारी म्हणाली, पायातून मुळं खाली जाताहेत असं समजा. मी म्हटलं, बाई गं, खाली लायब्ररी आहे, वाचणाऱ्यांच्या टाळक्यात शिरतील. सगळे खो खो. रिटायर पोस्टमन तर भिंतीला टेकला. समोरची हसली नाही. ओठ तेवढे हलले. डोळे मिटलेले होते तरी दिसलं मला.
ही थट्टा नव्हे, शंका होती. संकल्प शाबूत.

७ मार्च, शुक्रवार
सून म्हणाली, आई, जाऊन एकदा सॉरी म्हणा ना. मी म्हटलं, कशाबद्दल गं?
झालं ते एवढंच. समोरचीची लेक लांब असते. तिच्याशी फोनवर ही असं ओरडते की फोनची गरजच नाही. ठेवते हं, ठेवते, असं दहादा म्हणते आणि ठेवत नाही. मग ठेवल्यावर रडते. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये मी नक्कल केली. रडण्यापर्यंतची. चाळीस माणसं पोट धरून हसली. नक्कल हुबेहूब झाली, हा काय माझा गुन्हा? ती मधेच उठून गेली. थट्टा कळायला मन मोठं लागतं.

९ मार्च, रविवार
धुण्याचा दिवस. गच्चीवर डबल चादर एकटीनं घडी केली. आधी दुसरं टोक नवरा धरायचा, नेहमी वाकडं. तो गेल्यावर सहा वर्षं समोरची धरायची. चार पावलं मागे, ताण, झटका, मग चालत येऊन टोकाला टोक. तेवढ्यात सगळ्या बिल्डिंगच्या बातम्या उरकायच्या.
आज ते टोक दोरीला चिमट्यानं लावलं. चिमटा रुसत नाही. सोयीचा. चादर दोनदा खाली पडली, परत धुतली. वारा होता.

१२ मार्च, बुधवार
एकवीस तारखेला प्रत्येकानं स्वतः रचलेली एक हालचाल करून दाखवायची. शिकवणारीनं सांगताना माझ्याकडेच बघितलं. तिला कळतंय कुणात काय आहे. घरी येऊन 'गरुडाची झेप' रचली. सुनेची फुलदाणी फुटली. आधीच कडेला होती. मुलगा म्हणाला, आई, बसल्या बसल्या झेपणारा एखादा पक्षी बघ.

१६ मार्च, रविवार
समोरचीपण गच्चीवर. चादर हनुवटीखाली धरून घडी करत होती. चादर उलटून डोक्यावर आली, नुसतं भूत. इतका फक्कड विनोद जिभेवर आला होता! गिळला. दिवसभर पोट जड. चिगाँगमुळे असेल.

१७ मार्च, सोमवार
सून सांगत होती, समोरची मागच्या इमारतीत तळमजल्यावर जागा बघतेय. महिनाअखेर जाणार. मी म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. भाजी करपली. गॅसच बिघडलाय.
माझं तोंड बघायला नको म्हणूनच चाललीय. जाऊ दे की. समोर कुणी चांगलं येईल.
दुपारी दोनदा दार उघडून बघितलं. कुरिअर येणार होतं. नव्हतं येणार.

२१ मार्च, शुक्रवार
आधी समोरचीची पाळी. झाडासारखी उभी राहिली. मग एक डोळा किलकिला केला, मान तिरकी, तोंडाचा पट्टा सुरू, आवाज नाही. मी! हुबेहूब मी! पोस्टमन खालीच बसला. शिकवणारीनं तोंड फिरवलं. सगळे हसत होते आणि मला जिना कुठाय तेवढंच दिसत होतं. कान गरम झाले. डोळ्यात काहीतरी गेलं. हॉल झाडत नाहीत नीट.
मग माझी पाळी. गरुड पार उडालेला. हात आपोआप पुढे गेले. चार पावलं मागे, ताण, झटका. पोस्टमननं विचारलं, होडी वल्हवताय का. कुणालाच कळेना. मी वेड्यासारखी हवा धरून उभी.
तेवढ्यात समोरची पुढे आली, हवेचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, नीट ओढ, मधे झोळ आलाय. दोघी चालत आलो. हाताला हात लागला. मी म्हटलं, चुकलं गं माझं. हळू म्हणणार होते, पण तिच्या फोनएवढ्या आवाजात गेलं. सगळ्या हॉलनं ऐकलं.
ती म्हणाली, आता ठेव, ठेव.

२३ मार्च, रविवार
गच्चीवर चादर. खरीखुरी. मी म्हटलं, आता तर भांडण मिटलं, मग जागा कशाला बदलतेस? ती म्हणाली, अगं, गुडघ्यांसाठी. चार जिने चढवत नाहीत मला. तुझ्यासाठी घर बदलायला तू कोण लागून गेलीस?
हे मला सुचलंच नव्हतं.
म्हणजे ती जाणारच. संकल्प: दर रविवारी धुण्याचं ओझं मीच खाली तिच्या अंगणात न्यायचं. थट्टा बंद. फक्त डावा मोजा आजही उलटा होता, तेवढं सांगितलं. म्हणाली, मुद्दाम घालते, शिवण टोचते.
चादरीची टोकं जुळली नाहीत, चार बोटं फरक. वाकडं तूच धरतेस, म्हणाली, सहा वर्षं मी गप्प बसले.
नवराही हेच म्हणायचा.