पाहिलं असेल तर सांगा

शिरड शहापूर

प्रिय सलमान भाऊजी,

तुम्ही जवळा बाजारला घरी येऊन पंधरवडा झाला, असं ऐकलं. शेजारचा हरिचंद तिकडं बाजाराला निघालाय, त्याच्या हाती हे देते. इकडे सगळे ठीक. हळद शिजवून वाळत घातली आहे. सृष्टी हळद तुडवत अंगणभर पळते, मी नुसती बघत बसते. रडू येत नाही. बाया येतात, माझे कोरडे डोळे बघतात, चहा पिऊन जातात.

सृष्टी पहिल्यांदा चालली तेव्हा हे तुमच्याबरोबर सिक्कीममध्ये रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवत होते. मी फोनवर कळवलं. ह्यांनी हौसेनं तुमच्या घरमालकीण आजींना त्यांच्याच भुतिया भाषेत सांगितलं, तर आजींनी टोकलं, तू कुठं पाहिलंस? तिथं म्हणे डोळ्यांनी पाहिलेलं सांगताना क्रियापदाचं रूप वेगळं आणि ऐकलेलं सांगताना वेगळं. तुम्ही किती हसला होतात! त्या वर्षी दिवाळीला घरी आल्यावर ह्यांनी लेकीला चालताना पाहिलं आणि आधी आजींना फोन लावला. मग मला म्हणाले, "आता बराबर झालं. माझं लेकरू चाललं, म्या पाह्यलं." मी चिडवलं, मग आमी काय खोटं बोलून राहिलो होतो?

तिकडे नदीला पूर आला त्या दिवशी तुम्ही सासऱ्यांना फोनवर एवढंच म्हणालात, "वैजनाथ गेला, मामा." तेव्हापासून सगळं गाव तेच म्हणतं. देह सापडलेला नाही. आपल्या मराठीत गेला म्हणजे गेला. कुणी पाहिलं, हे वेगळं विचारावं लागतं, आणि विचारणारीला लोक वेडी ठरवतात.

येत्या अमावास्येला सासूबाई ह्यांच्या नावानं दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचं म्हणतात. त्याआधी माझ्या बांगड्या उतरवतील. त्यांचा राग येत नाही, त्यांनाही रडायला काहीतरी पुढ्यात हवं. मला तर रागसुद्धा येईनासा झालाय.

इतक्या जवळ असून तुम्ही आला नाहीत, त्यावरून मी काय ते ताडलं आहे. पण ताडलेल्यावर मी बांगड्या उतरवणार नाही. एकदा या. नुसतं ऐकलं असेल तर तसं सांगा, मी पुतळा जळू देणार नाही. पाहिलं असेल तर आजींना सांगितलं असतं तसं, त्यांच्या भाषेत सांगा. मला कळेल. सृष्टी चालली हे त्या भाषेत, डोळ्यांनी पाहिल्याच्या रूपात कसं म्हणायचं, ते ह्यांनी दिवाळीत माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

तुमचीच वहिनी,
कोमल