तुझ्या उंचीचं गवत

वसमत, मार्गशीर्ष, सन १९३८

प्रिय उद्धव,

तू पाठवलेलं बायबलातलं यशया ऋषीचं पुस्तक पोचलं. सात वर्षांनी धाकट्या भावाने थोरल्याला टपाल पाठवावं आणि सोबत एक ओळ नसावी, हा मी पाद्र्यांच्या संगतीचा परिणाम समजतो. पुस्तक दोनदा वाचलं. भाषांतर करणाऱ्या साहेबाच्या विभक्त्यांना प्रायश्चित्त द्यायला हवं, पण ऋषी अस्सल आहे. देवापुढे राष्ट्रं म्हणजे घागरीतून ओघळलेला थेंब, हे मी या निजामी राज्यात मोठ्याने वाचलं, तेव्हा तुझ्या वहिनीने उठून दार लावून घेतलं.

अडलो तो गवताच्या पानावर. माणसं सगळी गवत, आज हिरवी उद्या वाळलेली. टिकतो तो एकट्या देवाचा शब्द. इथवर माझीही मान डोलली. मग थांबली, कारण गवताचा माणूस मी या हातांनी केलेला आहे.

तुला हे कोणी सांगितलं नसेल. तुझ्या बाप्तिस्म्याची बातमी आली, तेव्हा अण्णांनी तुला मेलेला ठरवलं. प्रेत नसलं की दर्भाचा पुतळा जाळतात. घरात शास्त्र शिकलेला मी, म्हणून बांधायचं काम माझ्याकडे आलं. पुतळ्याला माप ठरलेलं असतं. मी मात्र नकळत तुझ्या उंचीचा बांधत गेलो. दर्भ संपला तसा आणखी मागवला. अण्णा खेकसले, "पुतळा करून राहिला का अंगरखा शिवून राहिला?" तुझी वहिनी चतुरा खांबाआडून, सासऱ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "जित्या माणसाला काहून जाळून राहिले?" मी ऐकलं, आणि एकही स्वर न चुकता सगळे मंत्र म्हटले. पाठांतराचं कौतुक झालं.

अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हाच लिहायला हवं होतं. लोक वाळीत टाकतील म्हणून भ्यालो.

तुझ्या पुस्तकात हिज्कीया राजा आहे. ऋषी त्याला सांगतो, घराची निरवानिरव कर, तू जगत नाहीस. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो आणि देव पंधरा वर्षं वाढवून देतो. पोटातल्या गाठीबद्दल नांदेडच्या डॉक्टरने परवा मला तेच वाक्य उर्दूतून ऐकवलं. मी भिंतीकडे तोंड केलेलं नाही. भिंतीला पोपडे आलेत, बघवत नाही. आयुष्य द्यायचं की न्यायचं ही देवाची सत्ता. निरवानिरव तेवढी माझी, आणि ती मी करणार.

काल भटजी मंडळींना बोलावून सांगितलं, मला मूल नाही, अग्नी माझा भाऊ देईल. एकजण म्हणाले, "शास्त्रीबुवा, मेलेला माणूस अग्नी कसा देणार?" मी म्हटलं, "तो जिवंत आहे. श्राद्ध मी खोटं केलं, आणि तुम्ही तेराव्याला पोटभर जेवून गेलात." आता वाळीत टाकणार म्हणतात. टाकोत, फार दिवस टाकावं लागणार नाही. तर पूर्णेला गाडी बदलून वसमतला उतर, आपला गाडीवान मोहनसिंग बैलांची दमणी जुंपून उभा असेल. तुझ्या पाद्र्याला अग्नी चालत नसेल तर नुसता जवळ उभा राहा आणि ते गवताचं पान वाच. पण त्याआधी, माझे डोळे उघडे आहेत तोवर ये, आणि दारात जरा ताठ उभा राहा. उंची बराबर धरली होती का, ते मला पाहायचं आहे.

तुझाच,
विश्वंभरदादा