आवाज आला की ठोकळा

१९ सप्टेंबर, अकोला
सा.चा साखरपुडा झाला, दुसऱ्याच कुणाशी. अमरावतीहून मित्राने फोटो पाठवला. पाहिला. मोबाइल चार्जिंगला लावला, जेवलो. काहीच वाटलं नाही.
कॉलेज अर्धवट सोडून जुन्या शहरात आत्याकडे येऊन पडलोय. ती समोरच्या खोलीत बालवाडी चालवते. तिची मदतनीस बाई बाळंतपणाला गेली, म्हणून पोट्टे सांभाळायला मी. आत्या म्हणे, "इंजिनेर नाई झाला, घोडा तं होता येते ना?" दिवसभर घोडा. गुडघे सोलले.

२१ सप्टेंबर
तनू नावाची एक आहे, चार वर्षांची. गजूभाऊ फुलवाल्याची. बोलत नाही. ठोकळे आवर म्हणून ओरडलो तर मागे वळूनही पाहिलं नाही. टाळकं सरकलं, समोर जाऊन ओरडलो. ती हसली, माझ्या हातात ठोकळा दिला.
न्यायला आलेला गजूभाऊ म्हणाला, "हट्टी हाये जी. एक लावली का ऐकते." आणि लावलीच, पाठीत. ती रडली नाही. मी ठोकळे आवरले.
सा.चा मेसेज नाही. कशाला असेल.

२४ सप्टेंबर
बालवाडीत भुलाबाई बसवली आहे. गाणी झाली की खिरापत ओळखायची. झाकलेला डबा कानाशी हलवायचा, आतला खाऊ आवाजावरून सांगायचा. पोट्टे नुसते बोंबलत होते. "चिवडा!" "फुटाने!" "आत्याबाई, गोटे भरले का वो?"
तनूची पाळी आली. तिने डबा हलवलाच नाही. झाकणाला नाक लावलं. मग माझं बोट धरून आत नेलं आणि गुळाच्या डब्यावर हात ठेवला. खिरापत गूळ-शेंगदाण्याचीच होती. पोरांनी टाळ्या पिटल्या.
आत्याने मात्र टाळी वाजवली नाही. नंतर म्हणाली, "हालवून काहून नाई पाह्यलं तिनं?"
मी ताट आणलं. तनूच्या पाठीमागे उभा राहून त्यावर उलथनं हाणलं. सगळी पोरं दचकली. ती गूळ चाटत बसलेली.

२५ सप्टेंबर
घोळ केला. आत्या सांगत होती, तनूच्या मायशी मीच बोलते, सावकाश. मला दम निघाला नाही. सरळ बाजारात, गजूभाऊच्या दुकानावर, गिऱ्हाइकांसमोर: "पोरगी बहिरी आहे तुमची, अन् तुम्ही मारता तिला!"
तो झेंडूवर पाणी मारत होता. थांबला. "बहिरी कोनाले म्हनतं? तू कोन बे? कॉलेजातून पयालेला!"
त्याने कॉलर धरली, मीही धरली. लोकांनी सोडवलं.
आत्याला सांगितलं. भाकर थापता थापता म्हणाली, "चार लोकांत पोरीले नाव ठेवलं तू. आता थो गजू धाडते काय तिले?"

२७ सप्टेंबर
तनू आली नाही. कालही नाही. घोडा झालो. "दादा, घोडा पयूनच नाई राह्यला." खरंय.

३ ऑक्टोबर
घट बसले. गजूभाऊ बाजारात असणार म्हणून त्याच्या घरी गेलो. तनूची आई, संगीताताई, ओसरीवर हार गुंफत होती. तनू तिच्या मागे पाकळ्यांचे ढीग लावत, पिवळे वेगळे, केशरी वेगळे. कोणी शिकवलं असेल? माफी मागितली.
ताई दोरा ओढत राहिली. "मले ठाऊक होतं भाऊ. बाजूले फटाके फुटले तरी झोपून राह्यते. पन एकदा नाव पडलं का मिटत नाई." मग खालच्या आवाजात, "कुठं न्या लागते तिले?"

९ ऑक्टोबर
सरकारी दवाखाना. संगीताताई, तनू, आत्या, मी. गजूभाऊला ताईनेच कसंबसं तयार केलं.
कान तपासणाऱ्या बाईंनी तनूच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले. ठोकळा गालाशी धरायचा, आवाज आला की डब्यात टाकायचा. तनूने सगळे ठोकळे ओतले आणि मनोरा केला. झाली तपासणी.
बाई चिडल्या नाहीत. "आधी हा खेळ तिला कळला पाहिजे. बालवाडीत खेळा, मग आणा. किती ऐकू येतं ते कळलं तर मशीन देता येईल. पण आता उशीर नको."
गजूभाऊ संध्याकाळी: "दसरा झाल्यावर अजून एक डाव. मंग नाई."

१० ऑक्टोबर
तनू बालवाडीत. मी ताट वाजवतो, आत्या ठोकळा टाकते. मग तनू. मग सगळ्यांनाच ठोकळा पाहिजे, लाईन लागली. पोरं एकमेकांची चोरी पकडतात. "वाजलंच नाई, टाकला इनं!"
तनूला खेळ आवडला. पण ती माझं कोपर बघते. नुसतं कोपर उचललं, ताट वाजवलंच नाही, तरी टाकला. आत्या म्हणाली, "तुये हात पाहून राह्यली थे." उद्यापासून पाठीमागून.

११ ऑक्टोबर
सा.चा फोन. "कसा आहेस?" बरा. मागे पोरांचा गोंगाट. कुठे आहेस विचारलं, सांगितलं. मग म्हणाली, लग्न डिसेंबरात आहे. मी म्हणालो, ठोकळे आवरायचे आहेत. ठेवला. खरंच आवरायचे होते.
इतके दिवस या फोनची वाट...

१४ ऑक्टोबर
आज गजूभाऊ स्वतः तनूला घेऊन आला. दारातच उभा. मला म्हणाला, "वाजव."
तनूच्या मागे गेलो. तिने ठोकळा गालाशी धरला. ताट जोरात हाणलं. काही नाही. गजूभाऊ माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे नाही. मग आत्याची पितळी परात फरशीवर ठेवली आणि हाणली.
ठोकळा डब्यात.
"ऐकलं! ऐकलं ना बे?"
आत्याने फरशीवर हात ठेवला. "परात खाली होती गजू. हादरा लागला असंन."
तो आत आला. परात उचलून छातीशी धरली, तनूच्या मागे गुडघ्यावर बसला. "हान."
हाणली. तनूने ठोकळा टाकला नाही, पण वळली. आवाजाने, की सगळी पोरं तिकडे बघत होती म्हणून, सांगता येत नाही. मलाही नाही, आत्यालाही नाही.
दवाखान्यात परवा जायचंय. गजूभाऊने परात खाली ठेवली नाही. "अजून," म्हणाला.