फुलं भरली, माशी नाय

१२ जानेवारी, सुरत
व्हय, बांधावरच्या बोरी-बाभळी मीच काढायला लावल्या. अजून तेच तोंडावर मारतेत. आई फोनवर म्हणे, मोहोळ व्हतं रं त्या बोरीला. मग? मोहोळाच्या नावावर सातबारा आहे का? बांध मोकळा म्हणजे दोन सरी जास्त. पाचोडला बसून यांना कळत नाय, मला इथं लूमच्या खडखडाटात कळतं.

२६ जानेवारी, सकाळ
अर्धा एकर कांद्याचे डोंगळे, म्हणजे बियाण्याचे दांडे, फुलावर आलेत. बियाणं विकलं की सायलीची नर्सिंगची फी. धाकट्या बहिणीला शब्द दिलाय.
किडीसाठी औषध मारायचं ठरवलं. ओढ्यापल्याडचे मजीदचाचा मधी पडले. म्हणे फुलात मारू नको बेटा, मारायचंच तर दिवस मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर. म्हणलं चाचा, माझी नाइट सकाळी सुटते, व्हिडिओ कॉलवर मला दिसायला पाहिजे. भावानं, गोकुळनं, दहाला फवारलं. डोस दीडपट. याला नियोजन म्हणतेत.

२९ जानेवारी
गोकुळ म्हणतो, डोंगळ्याखाली मधमाश्यांचा सडा पडलाय, सुपानं भरावा इतका. म्हणलं, म्हणजे औषध ओरिजिनल. तर म्हणे कीड तशीच आहे. दुकानदार चोर. गोकुळ आळशी.

५ फेब्रुवारी
लई डोकं फिरलंय. चाचाच्या बांधाला झाडी तशीच, मोहोळं तशीच. त्यांच्या फुलांवर सकाळपासून गुणगुण, आमच्यात मयतीसारखं शांत. इतकी वर्षं आमची फुलं खाल्ली. माशीलाबी इमान राहिलं नाय.
गुळाचं पाणी शिंपडायला सांगितलं. उद्या बघा रांग लागते का नाय.

६ फेब्रुवारी
मुंग्या आल्या.

१२ फेब्रुवारी
बियाणं कंपनीचा माणूस डोंगळ्याच्या फुलाचा गोंडा हातावर चोळून गेला. म्हणे निम्मं पोकळ. सायलीनं फोन घेतला, म्हणे दादा, आता तू काही सांगू नको. तिला काय कळतं शेतीतलं.

१५ फेब्रुवारी
उशिरा उमललेले गोंडे वाचवायचे. आईनं युक्ती काढली, मी मंजूर केली: बायांनी मलमलचं फडकं या गोंड्यावरून त्या गोंड्यावर फिरवायचं. माशीचं काम माणसानं. माशी फुकट करायची, बाई रोजाचे तीनशे घेते. दहा बाया लाव म्हणलं. आई म्हणे, फोन ठेव आणि पैसे पाठव.
मेसच्या जेवणाचे पैसे कापून चार बायांचं जमत होतं. पण सायली सकाळपासून फडकं घेऊन वावरात उभी आहे म्हणे. घरच्या माणसाला कसली मजुरी. तीनच बाया धरल्या.
पाठवतोय: नऊशे.