कोऱ्या चिठ्ठीचं पुस्तक

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त ग्रंथपाल, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मनाचं त्यांनी विचारलं नाही. एवढं लिहिताना मी तीनदा उठून खिडकी उघडली आणि लावली.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीची. त्यात कोणाचा वाद नाही.

२. मात्र घर आवरताना तिने घाई करू नये. "बाबा, हा पसारा एकदा वीड आउट करा ना!" असं ती दर सुट्टीत म्हणते. तो शब्द तिला मीच शिकवला, म्हणून अर्थही लिहून ठेवतो. वीड आउट करणे म्हणजे नको ते वेचून काढून टाकणे. वाफ्यातलं तण, यादीतली नावं, कपाटातली पुस्तकं, सगळ्यांना तो चालतो. 'नको ते' कोणी ठरवायचं, याबद्दल शब्दकोश गप्प आहे.

३. अकरा वर्षांपूर्वी वरून इंग्रजी परिपत्रक आलं: दहा वर्षांत कोणी घरी न नेलेली पुस्तकं वीड आउट करावीत. शिपायाने विचारलं, "म्हणजे काय करायचं, साहेब?" मी ऐटीत म्हणालो, "तण उपटायचं. तण खाई धन, ऐकलं नाहीस?" प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी असते. चिठ्ठी कोरी दिसली की पुस्तक रद्दीत. तीन दिवसांत चारशे बारा पुस्तकं गेली. त्याबद्दल मिळालेलं शाबासकीचं पत्र कपाटात आहे, ते मुलीने न वाचता फाडावं.

४. त्या ढिगात ताऱ्यांवरचं एक जाड पुस्तक होतं. आत खुणेला हिरव्या अस्तराची पट्टी होती. मी ती ओढून खिशात कोंबली आणि पुस्तक फेकलं. अंगावरच्या कोटाला तेच अस्तर होतं, आणि कोट शिवला होता माझ्या थोरल्या बहिणीने. तरी माझी ट्यूब पेटली नाही! शिवणाचं दुकान दुपारी बंद ठेवून ताई वाचनालयात येऊन वाचायची. पुस्तक घरी नेत नसे, कारण घरी तिला कोणी निवांत बसू देत नव्हतं. बसून वाचलेल्याची तारीख चिठ्ठीवर पडत नाही. तीस वर्षं शिक्के मारणाऱ्या मला हे कळू नये?

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या फळीपुढे उभी राहिली. "अरे, माझं पुस्तक कुठंय?"

"रद्द झालं, ताई. कोणी वाचत नव्हतं."

"बरं," म्हणाली, पिशवी उचलली आणि गेली. पुन्हा वाचनालयाची पायरी चढली नाही. तिच्या घरी गेलं की चहा देते, विषय काढत नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण काडी माझी होती.

५. तेव्हापासून मी रद्दीची दुकानं पालथी घालत होतो. गेल्या महिन्यात तेच पुस्तक सापडलं, माझ्याच अक्षरातल्या 'रद्द' या शेऱ्यासकट. हिरवी पट्टी मी जपून ठेवली आहे. ती कोणत्या पानावर होती, ते मात्र मी तेव्हा पाहिलंच नव्हतं.

६. सदर पुस्तक व पट्टी माझ्या पश्चात माझ्या ताईला द्यावी.

हे कलम वाचून वकीलसाहेबांनी विचारलं, "काका, ताई तुमच्याहून केवढ्या मोठ्या?"

"नऊ वर्षांनी."

त्यांनी नुसतं पेनाला टोपण लावलं.

कलम ६ खोडलं आहे. खोडल्याची सही बाजूला केली आहे. दुपारची वेळ आहे, ताईचं दुकान बंद असेल. पुस्तक घेऊन मी आत्ताच निघतो. पान तिलाच विचारायचं आहे.

बाकी मजकूर कायम. खालची सही उभ्याने केली आहे, तरी माझीच आहे.

(सही) निवृत्त ग्रंथपाल

साक्षीदार:
१. (सही) शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले
२. (सही) वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं